किल्लारीची लाट, काठमांडूची लाट

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून उशिरा घरी आलेली माणसं गाढ झोपलेली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीखालची जमीन फाटली. सरकारी हिशेबाने लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ७,९२८ माणसं गेली. ५२ गावं भुईसपाट झाली. या भूकंपाचं मोमेंट मॅग्निट्यूड, म्हणजे त्याच्या आकाराचा आकडा, होतं ६.२.

२५ एप्रिल २०१५ ला, दुपारचे बारा वाजायला चार मिनिटं असताना, नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात भूकंप सुरू झाला. त्याचं मॅग्निट्यूड ७.८. या मोजपट्टीवर १.६ चा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे २५० पटींचा फरक. मृत्यू झाले नऊ हजारांच्या आसपास.

ऊर्जा २५० पट आणि मृत्यू जवळजवळ तेवढेच. याचं एक उत्तर सरळ आहे. नेपाळात तो शनिवार होता, शाळांना सुट्टी होती, खेड्यातली पुष्कळ माणसं शेतावर होती. किल्लारीत पहाट होती आणि माणसं माळवदाखाली होती. पण एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. दोन्ही ठिकाणी जमिनीतून आलेली लाट वेगळ्या जातीची होती, आणि हा फरक समजून घ्यायचा तर किल्लारी हे फार बोलकं प्रकरण आहे. दुर्दैवाने बोलकं, म्हणू या.

कुठे घडलं

नकाशावर बघितलं तर किल्लारीला भूकंप होण्याचं काही कारणच दिसत नाही. भारतीय भूपट्टाची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या ज्या सरकत्या तुकड्यावर आपण आहोत त्याची, कडा उत्तरेला हिमालयात आहे, हजार किलोमीटरहून दूर. तिथे भारत तिबेटखाली वर्षाला दोनेक सेंटिमीटर घुसतो आहे. मराठवाडा त्या भूपट्टाच्या पोटात. इथला काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना पायाचा खडक. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल वेधनछिद्र घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला खडक. भूकंप झाला तो या जुन्या खडकातल्या जुन्या भेगेवर. उत्तरेकडून येणाऱ्या दाबाने ती भेग पुन्हा सरकली, एक बाजू दुसरीवर चढली.

त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग पहिल्या विभागात होता, म्हणजे देशातल्या सगळ्यात सुरक्षित जागांपैकी एक. अशा जागांना भूकंपशास्त्रात 'स्थिर खंडीय प्रदेश' म्हणतात. स्थिर हा शब्द मला कायम खटकतो. या भागात भूकंप होत नाहीत असा त्याचा अर्थ नाही. दोन भूकंपांमधलं अंतर माणसाच्या आठवणीत मावत नाही, एवढंच.

एका भूकंपाचे तीन आकडे

किल्लारीचा भूकंप ६.४ चा की ६.२ चा, हा वाद अजून चहाच्या टपरीवर ऐकू येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि तिसराही आहे, ६.३. मुख्य मुद्द्याची चुणूक या तीन आकड्यांतच दिसते.

६.३ हा आकडा भूगर्भातून आरपार गेलेल्या आणि सगळ्यात आधी पोचणाऱ्या प्राथमिक लहरींवरून काढलेला. त्यात सेकंदाला साधारण एकदा होणारं कंपन मोजतात. ६.४ हा जमिनीच्या पृष्ठालगत पसरणाऱ्या पृष्ठ लहरींवरून. तिथे एका हेलकाव्याला २० सेकंद लागतील अशी संथ लाट धरतात. ६.२ हा प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडक फाटून सरकतो त्या भेगेचा, आकार, तो किती सरकला आणि खडक किती कठीण, या सगळ्याच्या गुणाकारावरून. म्हणजे एकाच घटनेकडे तीन वेगवेगळ्या चाळण्यांतून पाहिलेलं. कुठल्या चाळणीत किती पडेल, हे भूकंप कुठे आणि कसा झाला यावर ठरतं. घरं पाडणारी कंपनं तर या तिन्हींपेक्षा वेगळी, सेकंदाला पाच-दहा वेळा हलवणारी. त्यांच्याबद्दल यातला एकही आकडा थेट काही सांगत नाही. वर्तमानपत्रात मात्र एवढा एक आकडा छापून येतो आणि आपण त्यावरून 'मोठा' किंवा 'छोटा' ठरवून मोकळे होतो.

जमिनीला बसणारा हिसका, म्हणजे तिचं त्वरण, जवळून मोजणारं त्वरणमापक यंत्र त्या रात्री किल्लारीच्या परिसरात नव्हतं. सुरक्षित मानलेल्या जागी कोण कशाला बसवेल? त्यामुळे त्या लाटेबद्दल आपण जे सांगू शकतो ते दूरच्या नोंदी, नंतरचे छोटे धक्के, जमिनीवर उमटलेली भेग आणि पडलेली घरं यांच्यावरून.

पाच किलोमीटरचा हिशेब

किल्लारीचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे उथळपणा. प्रस्तरभंग इतका वर होता की फाटत फाटत जमिनीपर्यंत आला. गावाच्या पश्चिमेला शेतांमधून, तुटक तुटक, सुमारे किलोमीटरभराच्या पट्ट्यात जमीन उचलली गेली, कुठे गुडघ्याइतकी, कुठे कमी. नांगराच्या तासात अचानक पायरी आलेली. भूपट्टाच्या पोटातल्या भूकंपात भेग अशी उघडी पडणं जगभरातच विरळा. ऑस्ट्रेलियात १९६८ ला मेकरिंगला आणि १९८८ ला टेनंट क्रीकला असं दिसलं होतं.

उथळ असण्याने काय होतं ते कागदावर करून बघा. लाट पसरते तशी तिची उंची साधारणपणे अंतराच्या प्रमाणात कमी होते: अंतर दुप्पट, उंची निम्मी. उगम ५ किलोमीटर खोल धरू. अगदी डोक्यावरच्या गावाला लाट ५ किलोमीटरचं अंतर कापून पोचते. २० किलोमीटर बाजूला असलेल्या गावाला तिरकं अंतर पडतं साडेवीस-एकवीस किलोमीटर. म्हणजे हिसका चौथाई. आता तोच उगम १५ किलोमीटर खोल असता तर डोक्यावर १५ आणि बाजूच्या गावाला २५. फरक फक्त दीडपट-पावणेदोनपट.

म्हणून किल्लारीचा विध्वंस एका छोट्या डागात कोंडला गेला. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, पेठसांगवी, तलणी. एका दमात नावं घेता येतील एवढ्या टापूत सगळं संपलं, आणि चाळीस किलोमीटरवरच्या लातूर शहराचं नुकसान त्या मानाने किरकोळ. जग मात्र याला लातूरचा भूकंप म्हणतं. किल्लारीच्या लोकांना ते कधी आवडलेलं मी पाहिलेलं नाही.

उथळपणाचा दुसरा परिणाम वेळेचा. प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतात, मागून येणाऱ्या, खडकाला आडवं हलवणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीनच्या. हिमालयातल्या एखाद्या भूकंपात शंभर किलोमीटरवरच्या माणसाला आधी बारीक थरथर जाणवते आणि मग बाराएक सेकंदांनी खरा हिसका. डोक्याखाली पाच किलोमीटरवर उगम असेल तर हे अंतर एका सेकंदाहून कमी. जागं व्हायलाही वेळ नाही.

घर कुठल्या सुरात वाजतं

आता घराकडे जवळून पाहू, कारण लाटेची जात तिथेच कळते.

या भागातलं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मधे बारीक दगड आणि मातीची भर. दोन पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसायचा. गारा मातीचा. वर लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा. जितके खण तितकं घर मोठं. त्यावर फळ्या किंवा किलच्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं जाड माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती चढायची, पिढ्यान् पिढ्या. उन्हाळ्यात आत गारवा, चोरापासून निर्धास्त. ही घरं मूर्खपणाची नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाला ते अचूक उत्तर होतं. फक्त प्रश्न वेगळा आला.

ठेंगणं, जाड, ताठर घर वेगाने डोलतं: सेकंदाला पाच ते दहा वेळा. उंच इमारत संथ डोलते. ढोबळ नियम असा की जितके मजले, तितके दशांश सेकंद एका हेलकाव्याला. दहा मजली इमारतीला एक सेकंद. लाटेचा ताल आणि घराचा ताल जुळले की झोका वाढत जातो. उथळ, जवळच्या, लहान प्रस्तरभंगातून येणारी लाट या वेगवान कंपनांनी भरलेली असते. ६.२ च्या भूकंपात फाटलेला भाग दहा-बारा किलोमीटर लांब. तो पाचेक सेकंदांत फाटून मोकळा होतो, त्यामुळे संथ हेलकावे त्यात फारसे नसतातच.

वर काळ्या मातीचं काम वेगळं. समजा खडकावर ८ मीटर मऊ माती आहे आणि दुय्यम लहर तिच्यातून सेकंदाला २०० मीटर वेगाने जाते. मातीच्या थराचा स्वतःचा ताल निघतो वेगाला चौपट जाडीने भागून, म्हणजे २०० भागिले ३२, सेकंदाला सहा वेळा. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, प्रत्येक गावाखाली जाडी वेगळी. पण तेरणेच्या काठच्या गावांत लाट, माती आणि घर तिघंही एकाच सुरात वाजायची शक्यता किती होती, ते यावरून कळेल.

भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, आतला आत आणि बाहेरचा बाहेर कोसळला, आणि वरची टनावारी माती खाली आली. कित्येक ठिकाणी लाकडी खण जागच्या जागी उभे राहिले आणि भिंती गेल्या. कुडाच्या, छपराच्या झोपड्यांचं फारसं काही झालं नाही. त्या हलक्या होत्या आणि लवचीक होत्या. ज्याचं घर दगडाचं, ऐपतीचं, त्याचंच जास्त गेलं.

मडकं वाजवून घ्यावं

इथवर ऐकून वाटेल की लहान भूकंप होता, जवळ मारलं, लांब विरला. पण त्याच पहाटे हाच धक्का मुंबईत जाणवला, चारशे किलोमीटरवर. बंगळुरूत जाणवला. मद्रासपर्यंत, पावणेसातशे किलोमीटरवर, माणसांना कळला. मी तेव्हा सोलापुरात शाळकरी होतो, किल्लारीपासून ऐंशी किलोमीटरवर. मला आठवतो तो आवाज: मांडणीवरची पितळी भांडी एकदम खणखणली, बारीक आणि जलद, जसं कुणी ताटल्यांचा ढीग धरून थरथरवावा. पलंग हलल्याचं नंतर कळलं.

एवढासा भूकंप इतक्या लांब कसा पोचला? कुंभाराकडून मडकं घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. अखंड असेल तर टण्‌ असा आवाज लांबतो. बारीक तडा असेल तर थप्‌ होऊन विझतो. खडकाचंही तसंच आहे. भूकंपशास्त्रज्ञ खडकाच्या या गुणाला 'क्यू' असं अक्षर देतात. क्यू मोठा म्हणजे खडक लाट जपून पुढे देतो. लहान म्हणजे वाटेत गिळतो. जुना, थंड, घट्ट खडक असलेल्या द्वीपकल्पाचा क्यू मोठा. हिमालयाच्या पट्ट्यात खडक चुरलेला, घड्या पडलेला, भेगांत पाणी शिरलेलं. ते तडा गेलेलं मडकं.

१९९७ च्या मे महिन्यात जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला. किल्लारीनंतर जाग येऊन द्वीपकल्पात चांगली यंत्रं बसवली गेली होती, त्यामुळे या भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदी मिळाल्या. त्यांवरून द्वीपकल्पासाठी सेकंदाला एक या कंपनाला क्यू ५०८ निघाला, आणि कंपन वेगवान होईल तसा तो वाढत जातो. सोपं जावं म्हणून ५०० धरू. तुलनेसाठी भेगाळ प्रदेशाचा १५० धरू. सक्रिय पट्ट्यांत असे आकडे नेहमी भेटतात. लाट चारशे किलोमीटर जाऊ द्या, वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर. गणित केलं तर पहिल्या खडकात शोषणानंतर लाटेची उंची उरते ४९ टक्के, दुसऱ्यात ९ टक्के. पसरण्याने होणारी घट दोन्हीकडे सारखीच, ती वेगळी. म्हणजे तोच धक्का त्याच अंतरावर आमच्याकडे पाचपट जोरात पोचतो.

यात आणखी एक गोष्ट मदतीला येते. खंडाच्या कवचात, जमिनीचा पृष्ठभाग आणि तीस-चाळीस किलोमीटरवरची कवचाची तळकड यांच्यात, दुय्यम लहरी वरखाली आपटत अडकून पडतात आणि कालव्यातल्या पाण्यासारख्या लांबवर वाहतात. या लाटेला 'एलजी' म्हणतात. सलग, एकसंध कवच असेल तर ती हजारो किलोमीटर जाते. समुद्राखालचं पातळ कवच मधे आलं की शंभरेक किलोमीटरांतच मरते. तिबेटच्या जाड, गरम कवचातही तिची दमछाक होते. मुंबईपासून मद्रासपर्यंत कुठेही असा अडथळा नाही.

त्यामुळे किल्लारीचं चित्र वरकरणी विसंगत दिसतं: मरण पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत, थरथर सातशे किलोमीटरपर्यंत. पहिलं उथळपणाचं देणं, दुसरं जुन्या खडकाचं. मुंबईत जाणवला म्हणून मुंबईखालीही काहीतरी सरकलं असेल, ही तेव्हा पसरलेली भीती मात्र निराधार होती.

काठमांडूत काय आलं

आता कडेवरचा भूकंप. गोरखात जो पृष्ठभाग सरकला तो जवळजवळ आडवा, उत्तरेकडे जेमतेम सात-दहा अंशांनी उतरणारा. बारपाकजवळ सुरुवात झाली आणि फाट पूर्वेकडे, काठमांडूच्या उत्तरेच्या बाजूने, सुमारे १४० किलोमीटर धावली. पन्नासेक सेकंद. जमिनीवर भेग उघडली नाही.

काठमांडूच्या कांतिपथावरच्या यंत्राने नोंदवलेलं सर्वाधिक त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.१६ पट. ७.८ च्या भूकंपाची फाट दहा-पंधरा किलोमीटरवरून गेलेली असताना हा आकडा बघून इंजिनिअर चक्रावले होते. दुप्पट-तिप्पट अपेक्षित होतं. वेगवान कंपनं कमी होती आणि संथ हेलकावा प्रचंड, एकेक चार-पाच सेकंदांचा. काठमांडूचं खोरं म्हणजे जुन्या सरोवराचा गाळ, मध्यभागी पाचशे मीटरच्या घरात. हे भांडंही नेमकं त्याच तालात डुचमळणारं. फाटण्याचा वेग धक्क्याने न चढता हळूहळू चढला, हेही त्यामागचं कारण मानलं जातं.

चार सेकंदांचा ताल म्हणजे मघाच्या ढोबळ नियमाने चाळीस मजली इमारतीचा. काठमांडूत तेवढ्या उंच इमारतीच नव्हत्या. दोन-चार मजली घरं या लाटेवर नुसती वाहून नेली गेल्यासारखी हलली आणि पुष्कळशी टिकली. विटांचा धरहरा मनोरा पडला, जुनी मंदिरं पडली, कच्ची घरं पडली. पण अंदाज होता तेवढं शहर कोसळलं नाही. मात्र यावरून हिमालयाची लाट सौम्य असते असं कुणी म्हणू नये. डोंगरातलं बारपाक जवळजवळ सगळं झोपलं. तिथे गाळ नव्हता, खाली खडक होता आणि घरं दगड-मातीची. किल्लारीच्या माणसाला ते फोटो ओळखीचे वाटतील.

कोयना मधे येते

कोयनेचा उल्लेख टाळून हे लिहिता येत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, मॅग्निट्यूड ६.३. तोच जुना खडक, वर किलोमीटरभर बेसाल्ट, तोच उथळपणा. फक्त प्रस्तरभंगाच्या दोन बाजू वरखाली न होता एकमेकींना घासून आडव्या सरकल्या. आणि इथे यंत्र होतं, धरणाच्या आतच. त्याने नोंदवलं ०.६३ पट त्वरण. वेगवान, टोकदार, काही सेकंदांत संपलेलं. काठमांडूच्या चौपट, ऊर्जा काठमांडूच्या पावणेदोनशेव्या भागाएवढी. धरणाच्या अंगाने त्या नोंदीत थोडी भर घातली असेल हे मान्य करूनही, किल्लारीत त्या रात्री यंत्र असतं तर त्याने काय दाखवलं असतं याचा सगळ्यात जवळचा नमुना हाच. १०३ मीटर उंचीच्या धरणाला, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीवर, तडे गेले. धरण उभं राहिलं. पायथ्याचं कोयनानगर राहिलं नाही.

पोटातले भूकंप असे टोकदार का, याचं एक नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण मला पटतं. रोज उघडझाप होणारं दार थोड्या जोराने सरकतं. वीस वर्षं बंद असलेल्या वाड्याचं दार उघडताना सगळी ताकद लावावी लागते आणि ते उघडतं तेव्हा धाडकन. कडेवरचे प्रस्तरभंग वारंवार सरकतात. आतले हजारो वर्षं गप्प, तोवर भेग पुन्हा सांधली जाते, घट्ट होते. फाटते तेव्हा छोट्या क्षेत्रात जास्त सरकते, ताण एकदम सुटतो आणि वेगवान कंपनांचा वाटा वाढतो. प्रत्येक भूकंप हा नियम पाळतोच असं नाही, पण कल तोच.

भुजचा २६ जानेवारी २००१ चा भूकंप या मांडणीला जरा अडचणीत आणतो. कच्छ धड कडेवर नाही, धड पोटात नाही. जुन्या खचदरीचे, म्हणजे ताणून खाली खचलेल्या पट्ट्याचे, प्रस्तरभंग आता दाबाखाली उलटे सरकताहेत. मॅग्निट्यूड ७.७ च्या आसपास, उगम वीसेक किलोमीटर खोल, भेग वर आलीच नाही, फाटलेलं क्षेत्र आकाराच्या मानाने आखूड आणि ताणाची सुटका मोठी. म्हणजे आकार कडेवरच्यासारखा आणि स्वभाव पोटातल्यासारखा. दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळावर, त्वरण ०.११ पट आलं आणि खाली नुसते खांब ठेवून पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या इमारती बसल्या. मी त्या सकाळी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर होतो. या खेपेला एकही भांडं वाजलं नाही. बंद पंखा मात्र लंबकासारखा झुलत राहिला, बराच वेळ. सोलापूरची खणखण आणि पुण्याचा तो झोका यांतला फरक मला पुस्तकात सापडायच्या कितीतरी आधी असा कळला होता.

समुद्री खाईवरच्या भूकंपांचा तर वेगळाच कारभार. ११ मार्च २०११ ला जपानच्या पूर्वेला ९ चा भूकंप झाला, काहीशे किलोमीटर लांबीची फाट, मिनिटा-मिनिटांचं हलणं. पावणेआठशे किलोमीटरवरच्या ओसाकात २५६ मीटर उंचीची सरकारी इमारत दहाएक मिनिटं डोलत होती, तर शेजारच्या ठेंगण्या घरांत काही पडलं-झडलं नाही.

नकाशा बदलला

२००२ मध्ये भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता सुधारली गेली. पहिला विभाग रद्द होऊन दुसऱ्यात मिसळला आणि किल्लारीचा टापू तिसऱ्यात गेला. हे योग्यच झालं, पण विभागाचा एक आकडा लाटेची जात सांगत नाही. मराठवाड्यात भिंतीला कोपऱ्यात आणि दाराच्या वर सलग पट्टा, आरपार दगड आणि हलकं छप्पर यांचा जो उपयोग, तो पन्नास मजली मनोऱ्याच्या संथ झोक्याला लागू नाही. उलट मुंबईतल्या मनोऱ्यांनी किल्लारीसारख्या जवळच्या टोकदार धक्क्यापेक्षा कच्छकडून येणाऱ्या संथ लाटेचा विचार जास्त करावा, असं माझं मत.

आवाज

एक धागा राहिला. किल्लारीच्या लोकांना जमिनीखालून आवाज येत होते, ते १९९२ पासून. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्क्यांची मालिकाच झाली. गडगडल्यासारखा, सुरुंग उडाल्यासारखा आवाज, कधी धक्क्यासकट तर कधी नुसताच. तेव्हा बरेच जण हसले होते.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० कंपनांच्या वरचं ऐकू येतं. भूकंपाची प्राथमिक लहर ही मुळात ध्वनीसारखीच, खडकाला पुढेमागे दाबत जाणारी. ती जमिनीवर आदळली की जमीन डफाच्या कातड्यासारखी हवेला ढकलते. पण २० च्या वरची कंपनं जमिनीपर्यंत जिवंत पोचायची तर उगम उथळ हवा आणि वाटेतला खडक घट्ट हवा. खोल उगम आणि चुरलेला खडक असेल तर हा भाग वाटेतच जिरतो, वर नुसती हालचाल येते. किल्लारीत दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या. एक-दीड मॅग्निट्यूडचा धक्का, जो अंगाला कळतही नाही, तोही कानाला ऐकू यावा असा तो खडक.

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात पुन्हा असेच आवाज सुरू झाले. माणसं रात्री घराबाहेर झोपू लागली, आणि शास्त्रज्ञ गावात पोचले. या खेपेला कुणी हसलं नाही.